कोपरेफाडे गुरुजी

माझ्या हातून जे काही शिक्षण झालं ते कोपरेफाडे गुरुजींमुळे. आईवडिलांचं ऋण वेगळं, त्याची भाषाच वेगळी. पण घराबाहेरच्या माणसांत माझ्यावर सगळ्यात जास्त उपकार कुणाचे, असं कुणी विचारलं तर मी एकच नाव घेईन. कोपरेफाडे हे त्यांचं आडनाव नव्हतं. गावानं ठेवलेलं नाव होतं आणि गुरुजींना ते पक्कं ठाऊक होतं. एखाद्या पोरानं चुकून तोंडावर म्हटलं, तर ते रागावत नसत. "हां, बोल," एवढंच म्हणत.

या नावामागची रीत आधी सांगितली पाहिजे, कारण आताच्या मुलांना ती माहीत असायचं कारण नाही. आमच्याकडे कुणी वारलं आणि ते पोस्टकार्डानं कळवायचं असलं, की कार्डाचा एक कोपरा फाडून टाकत. पोस्टमन दारात आला की बाया आधी चार कोपरे बघत. मजकूर वाचणारं माणूस घरात असेलच असं नव्हतं. चारही कोपरे शाबूत असले तर कार्ड खुशालीचं. एखादा कोपरा नसला, की वाचणाऱ्याला बोलावणं जायच्या आत घरात रडारड सुरू होई. ज्यांना अक्षर येत नव्हतं त्यांनाही तेवढं वाचता येत होतं.

गुरुजींनी ही रीत पुस्तकांना लावली होती. कादंबरीत ज्या पानावर कुणी मरत असे, त्या पानाचा वरचा कोपरा ते फाडून ठेवत. पुढच्या वाचणाऱ्याला एकाएकी धक्का बसू नये, एवढाच त्यांचा हेतू.

मी जालन्याला कॉलेजात गेलो, तेव्हा नव्या जालन्यात स्टेशनच्या रस्त्याला एक वाचनालय होतं. तिथं नाव घालायला गेलो. गावाचं नाव सांगितलं, तर ग्रंथपालांनी चष्मा कपाळावर चढवला.

"तुमच्या गावचे एक मास्तर होते. आहेत का गेले?"

"आहेत की."

"अजून फाडतात?"

मी नाव घालायचा कागद पुढं सरकवला.

"अख्खं कपाट नासवलं हो त्या गृहस्थांनी! नाव कमी केलं मी त्यांचं. तर जाताना मलाच विचारतात, साहेब, तुमच्या घरी कुणी गेलं तर तुम्हाला आधी कळलेलं बरं, का एकदम? आता याला काय बोलायचं?" मग माझ्या हातात पुस्तक देताना ते म्हणाले, "तुम्ही नखं कापून येत जा."

वाचनालयातून नाव गेल्यावर गुरुजींनी पदरचीच पुस्तकं घेतली. जुन्या जालन्यात एका जुन्या पुस्तकवाल्याकडे त्यांना एक जुनी कादंबरी सबंध मिळाली. सात भाग, लाल कापडी बांधणी. समुद्रकाठच्या एका नावाड्याच्या घराण्याची ती गोष्ट, आमच्या आज्याच्या वेळी कुणीतरी लिहिलेली. गुरुजी म्हणायचे, "घरात सात माणसं असल्यावानी वाटतं." त्यांच्या घरात ते एकटे होते. पत्र्याच्या पेटीत कडुलिंबाचा पाला घालून ते सात भाग त्यांनी ठेवले होते, आणि सातवा संपला की पहिला पुन्हा काढत. लोक दरवर्षी पोथी लावतात तसं. आमच्या विहारात वर्षावासात ग्रंथवाचन त्यांच्याकडेच असे, त्यामुळे त्यांच्या आवाजाला आख्ख्या गावाची सवय होती.

एरवीही त्यांची बोलायची तऱ्हा तीच. शेवट आधी. कुणाच्या दारात गेले की चप्पल काढायच्या अगोदर म्हणत, "कुणी मेलं न्हाई. च्यासाठी आलोय." शाळेत निकाल लागला की नापास झालेल्या पोराला जवळ बोलावत. "तू नापास झाला. आता बस. पाणी पी. मंग मार्क सांगतो." इतिहासाच्या तासाला राजाचं राज्य सुरू व्हायच्या आत तो कसा मेला ते सांगून मोकळे होत, मग शांतपणे त्याच्या लहानपणाकडे वळत. एकदा एका लग्नात वरात उशिरा आली. मंडपात सगळे हवालदिल. गुरुजी वेशीवर जाऊन बघून आले आणि नवरीच्या बापासमोर उभे राहून म्हणाले, "वाईट काहीच न्हाई." तो बिचारा मटकन खालीच बसला. मग म्हणाले, "वरात आली." त्या दिवसापासून लग्नात त्यांना लोक पंगतीवर देखरेखीला बसवत, निरोपाला पाठवत नसत.

आम्ही पोरं हसायचो. मीही हसलोय. त्यांचं असं का झालं ते मला फार उशिरा कळलं, आणि ज्या दिवशी कळलं तो दिवस माझ्याच घरच्या दुःखाचा होता.

बाहत्तरचा दुष्काळ पडला, तेव्हा मी बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. आमचं गाव कुंभार पिंपळगाव आणि तीर्थपुरीच्या मधलं. तेव्हा जिल्हा औरंगाबाद, तालुका अंबड. विहिरींचे तळ दिसायला लागले होते. बाप गावातल्या चार जणांबरोबर नगरकडे उसाच्या तोडीला गेला. त्याचं म्हणणं होतं की उन्हाळा निघेल, पोराची फी निघेल, मंग पुढचं पुढं. तिथं उसाची गाडी उताराला उलटली आणि तो तिच्याखाली सापडला. बातमी आमच्याकडे पोचली तोवर माती होऊन गेली होती.

कार्ड आलं तेव्हा माय शेजारच्या बारशात होती. तिचा आवाज गोड होता, म्हणून पाळणा तिलाच म्हणायला लावत. पाळणा म्हणता म्हणता तिनं दाराकडे बघितलं. पोस्टमन उभा होता आणि कार्डाला कोपरा नव्हता. तिनं पाळण्याची ती ओळ पुरी केली, असं बाया सांगतात. मग तिचं गाणं जे गेलं ते गेलंच.

मी जालन्याहून आलो. घरात माणसं भरलेली. माय भिंतीला टेकून बसली होती आणि कुणाशी बोलत नव्हती. गुरुजी आले. त्या दिवशी दारात ते काहीच म्हणाले नाहीत. येऊन मायच्या समोर जमिनीवर बसले.

"वैनी, तुम्ही गाणं म्हणत होत्या. मला माहीत हाय ते."

मायनं मान वर केली.

"मी हसत होतो," गुरुजी म्हणाले. "शाळेत तपासणी होती. पोरांनी सोंगं काढल्ती. पोस्टमननं कार्ड दिलं, मी न बघता खिशात घातलं. दिवसभर हसलो. डोळ्याला पाणी येईस्तोवर हसलो. बायको बाळंतपणाला माहेरी गेल्ती, तिथंच गेली. मूल बी गेलं. ती मातीत, अन् मी इथं हसून राह्यलो होतो. संध्याकाळी सदरा काढताना कार्ड खाली पडलं, तवा कोपरा दिसला."

 एवढ्या वर्षांत त्यांनी ही गोष्ट गावात कुणाला सांगितली नव्हती. आणि पाच दिवसांत पहिल्यांदा माय बोलली.

"मंग वो गुरुजी, आता मी याला नदरेआड कसं करू?"

'याला' म्हणजे मला.

तोच प्रश्न पुढं सगळा उन्हाळा आमच्या घरात बसून राहिला. मायनं मला कधी शिक्षण सोड म्हटलं नाही. ती फक्त नजरेआड होऊ देत नव्हती. परसाकडे गेलो तरी उंबऱ्यात येऊन उभी राही. जालना तर दूरच. तिच्या मनानं घेतलं होतं की मी गेलो की मागून कोपरा फाटलेलं कार्ड येणार, आणि ते येईल तेव्हा ती बेसावध असणार. मी कॉलेजचं नाव काढणं सोडून दिलं. पुस्तकं माळ्यावर टाकली आणि तिच्याबरोबर पाझर तलावाच्या कामावर खडी फोडायला जायला लागलो.

कामावर सगळं गाव होतं. पाटलाच्या भावकीतल्या बाया होत्या, आमच्या वस्तीतल्या होत्या. दगड सगळ्यांचे सारखे, ऊन सारखं, सरकारची लाल मिलो ज्वारी आणि दुपारच्या खाण्याची सुकडीही सारखीच. फक्त दुपारच्या सुट्टीत कडुलिंबाखाली बसताना पाटलाकडच्या बाया लिंबाच्या एका अंगाला आणि आम्ही दुसऱ्या, मध्ये दोन हात जागा. त्या बाया मायला 'बी.ए.वाल्याची माय' म्हणत. पहिल्यांदा त्यात टोमणा होता. "काय वो बी.ए.वाल्याची माय, तुमचा बी.ए. दगड बारीक फोडतो हं!"  हातोडा चालवता चालवता मायचा एक डोळा माझ्याकडे असे. मी टोपली घेऊन बांधाच्या पलीकडे उतरलो की तिचा हातोडा थांबे, मी वर आलो की सुरू होई. मला तो आवाज ऐकू यायचा. थांबलेला हातोडाही ऐकू येतो, हे मी त्या उन्हाळ्यात शिकलो.

एक दिवस दुपारी गुरुजी छत्री लावून कामावर आले. काखेत लाल पुस्तक. लिंबाखाली मधल्या दोन हात जागेत बसले आणि कुणाची परवानगी न घेता म्हणाले:

"भाग पहिला. या भागात म्हातारा नावाडी जातो. अन् एक बैल. ज्याला सोसणार न्हाई त्यानं आताच उठावं."

कुणी उठलं नाही. उठून उन्हात जायचं कुठं?

असं ते वाचन सुरू झालं. रोज दुपारची सुट्टी. गोष्ट एका तांडेलिणीची. नवरा गेल्यावर नाव स्वतः हाकणारी बाई, तिचे चार मुलगे, सुना, नातवंडं. पानोपानी पाणी. भरती, ओहोटी, कौलांवरून गळणारा पाऊस, ओली लाकडं पेटत नाहीत म्हणून भांडणाऱ्या सुना. आणि ऐकणारे आम्ही, ज्यांच्या घरी प्यायचं पाणी टँकरनं येत होतं. आमच्यातल्या कुणीच समुद्र पाहिला नव्हता. मीसुद्धा नाही.

"गुरुजी, समुद्र म्हंजी गोदावरीएवढा असंल का?"

"गोदावरी त्याच्यात पडती अन् तिचा पत्ता लागत न्हाई, एवढा."

"बया! मंग त्या तांडेलिणीला पाण्याचा काय घोर?"

"ते पाणी खारट हाय. पिता येत न्हाई."

 मग पाटलाच्या भावकीतली एक म्हातारी म्हणाली, "म्हंजी तिथंबी दुष्काळच की वो. नुस्ता दिसाया वला." आणि पहिल्यांदा लिंबाच्या दोन्ही अंगांच्या बाया एकदम हसल्या. मी मायकडे बघितलं. ती हसली नव्हती, पण तिची नजर माझ्यावर नव्हती. पुस्तकावर होती.

त्या दिवसापासून मी मायच्या तोंडावरून ओळखायला लागलो, की गोष्ट कुठं पोचली. घरी चूल पेटवताना ती एकदम म्हणे, "थोरली सून तशी वाईट न्हाई. तिला माहेर न्हाई, म्हनून फटकळ हाय." जणू शेजारच्या घरातलं बोलतेय. बापाबद्दल ती अवाक्षर काढत नव्हती. पण तांडेलिणीनं नवऱ्याचं वल्हं भिंतीला कसं टांगून ठेवलं, ते तिनं मला तीनदा सांगितलं. आणि एके सकाळी बापाची कुऱ्हाड कोपऱ्यातून काढून, पुसून, खुंटीला अडकवली.

मला स्वतःलाही त्या पुस्तकानं तारलं, हे सांगायचं राहूनच जाईल. दगड फोडताना डोक्यात सतत एकच घोकणं चाललेलं असे: वर्ष गेलं, संपलं. पण दुपार जवळ आली की ते थांबे आणि त्या जागी तांडेलिणीची नाव आत येई. नाव किनाऱ्याला लागेल का, धाकटा कुठं असेल. दुसऱ्याच्या काळजीत आपली काळजी घटकाभर खाली ठेवता येते. टोपली खाली ठेवून मान मोकळी करावी तशी. पुन्हा उचलायची असतेच.

मरणाची सूचना गुरुजी प्रत्येक भागाच्या सुरुवातीला देत, आणि बाया त्यांच्याशी घासाघीस करत.

"भाग चौथा. यात थोरली सून जाते."

"अवो, तिला कशापायी? दुसरं कुणी न्हाई का?"

"लिव्हनारानं लिव्हलंय, बाई."

"मंग त्याला सांगा की."

"तो बी गेला."

"त्याचा कोपरा कुणी फाडला?" असं त्या म्हातारीनं विचारलं, तेव्हा गुरुजींनाही हसू आवरलं नाही.

पण सांगून ठेवलं तरी थोरली सून गेली त्या दुपारी कामावर सुकडी तशीच राहिली. एकीनंही तोंडाला लावली नाही. मुकादम ओरडत आला, "काय झालं? कोण मेलं?" म्हातारी पदरानं डोळे पुसत म्हणाली, "थोरली गेली वो." मुकादमानं डोक्याचं फडकं काढलं. "कुणाची?" त्याला कळेपर्यंत बराच वेळ गेला. मग तो इतका चिडला, की दुसऱ्या दिवसापासून स्वतःच ऐकायला येऊन बसला. एवढं काय आहे ते बघू, म्हणाला. मग सुट्टी संपली तरी त्याचं उठायचं लक्षण दिसेना.

पाचव्या भागात गुरुजींचा घसा बसला. त्यांनी पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं. मी वाचायला लागलो. पहिल्यांदा हळू, मग मोकळ्या आवाजात. सबंध सुट्टीभर वाचलं. संपल्यावर कुणीतरी म्हणालं, "बी.ए.वाल्याची माय, पोरगं गुरुजीवानीच वाचतंय की." या वेळी त्यात टोमणा नव्हता. माय घरी जाताना म्हणाली, "तुला येवढं आडल्याबिगर वाचाया येतंय?" मी हो म्हटलं.  दुसऱ्या दिवशी मी बांधाच्या पलीकडे उतरलो तेव्हा हातोडा थांबला, आणि मी वर यायच्या आतच पुन्हा सुरू झाला.

सहाव्या भागाच्या शेवटी तांडेलिणीचा धाकटा मुलगा परमुलखाच्या जहाजावर निघून गेला. तीन मुलगे समुद्रानं नेलेले, उरला तो हा एकटा. ती त्याला जाऊ देत नव्हती आणि तो राहत नव्हता. शेवटी तीच उठली, त्याची वळकटी बांधली आणि धक्क्यावर नेऊन ठेवली. तिथं भाग संपला.  सगळ्या मायकडे बघत होत्या आणि मी जमिनीकडे.

दुसऱ्या दिवशी गुरुजी सातवा भाग घेऊन आले. त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच काहीतरी होतं. सदराही धुतलेला होता. बसले, घसा साफ केला.

"भाग सातवा. या भागात..."

"गुरुजी," माय म्हणाली. "या बारीला सांगू नका."

गुरुजींचं तोंड उघडंच राहिलं.

"वैनी, अवो, पन हे तर..."

"न्हाई. बिलकुल सांगू नका. तो वापस आला का न्हाई आला, जवा यायचं तवा येऊ द्या."

"माझं ऐका तरी. एकच शब्द."

"एक बी न्हाई."

"बाई, मला सांगितल्याबिगर वाचता येत न्हाई!"

"मंग शिका आता," माय म्हणाली. गुरुजींना असं कुणी बोलल्याचं गावानं कधी ऐकलं नव्हतं. लगेच तिला दुसरी अडचण सुचली. "अन् ते कोपरे. ते मला दिसत्यात. बुक तसं धरू नका."

गुरुजींनी पुस्तक आडवं धरून बघितलं, खाली धरून बघितलं, पदरासारखं उपरणं वरून टाकून बघितलं. कसंही धरलं तरी मायला कोपरे दिसणारच. शेवटी ते उठले आणि आम्हा सगळ्यांकडे पाठ करून, लिंबाच्या बुंध्याकडे तोंड करून बसले.

सबंध सातवा भाग त्यांनी झाडाला वाचून दाखवला. आवाज बुंध्यावर आपटून विरे, मागच्यांना ऐकू येईना. म्हणून बाया पुढं सरकल्या. आणखी पुढं सरकल्या. शेवटी सगळ्या गुरुजींच्या पाठीमागं इतक्या दाटीनं बसल्या, की कुणाचा गुडघा कुणाच्या मांडीला लागतोय ते कळेना. मधली दोन हात जागा कुठं गेली, ते कुणी बघितलं नाही.

आणि गुरुजी वाचता वाचता मध्येच थांबत, अर्धी मान वळवत आणि मायकडे बघत. डोळ्यात नुसती विनवणी. माय मान हलवून नाही म्हणे. ते उसासा टाकून पुन्हा झाडाकडे वळत. त्यांची पाठ घामानं भिजलेली असे. तोंडात धरलेली गोष्ट माणसाला इतकी जड होऊ शकते, हे मी तेव्हा पाहिलं.

मायची अवस्था सोपी नव्हती. जहाजाचं पत्र आलं नाही, पावसाळा गेला, दुसरा गेला, आणि माय रात्री जेवताना घास हातात धरून बसे. "इचारू का गुरुजीला?" मला म्हणे, आणि लगेच, "नको. तिनं कुणाला इचारलं व्हतं?" तिनं, म्हणजे तांडेलिणीनं.

धाकटा परत आला. दाढी वाढलेला, आवाज बदललेला. त्यानं धक्क्यावरून हाक मारली ती तांडेलिणीला ओळखूच आली नाही. तिनं विचारलं, पलीकडं जायचंय का बाबा, चार माणसं जमू दे. मग तो तिच्या नावेत बसला आणि तिच्या हातातलं वल्हं त्यानं घेतलं. त्याच्या वल्हं मारायच्या पद्धतीवरून तिनं ओळखलं. नाव खाडीच्या मध्यावर होती. तिथं कादंबरी संपते.

गुरुजींनी पुस्तक मिटलं आणि वळले. त्यांचे डोळे लाल झाले होते. माय म्हणाली, "द्या हिकडं." तिनं सातवा भाग हातात घेतला आणि एकेक पान उलटलं, अंगठ्यानं कोपरा चाचपत. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत. एकही कोपरा फाटलेला नव्हता.

"यात कुणीच जात न्हाई!" माय म्हणाली.

"तेच सांगत होतो ना मी!" गुरुजी जवळजवळ ओरडले. "जिंदगीत एकदा चांगली बातमी आधी सांगायची होती. ती बी या बाईनं सांगू दिली न्हाई!"

सगळा लिंब हसला. मुकादम हसला. माय हसली आणि मग हसता हसता रडायला लागली. कार्ड आल्यापासून ती रडली नव्हती. गुरुजी छत्री उघडून तिच्या डोक्यावर धरून उभे राहिले. तिथं सावली होती, छत्रीची गरज नव्हती.

जूनमध्ये कॉलेज उघडायच्या आधी माझी पुस्तकं माळ्यावरून खाली आली होती. मी काढली नव्हती. वळकटी बांधून दारात ठेवलेली होती. तीर्थपुरीच्या स्टँडवर माय सोडायला आली. एसटी लागली. मी खिडकीत बसलो आणि बघतो तर माय एका दगडावर बसलेली, गाडीकडे पाठ करून, थेट गुरुजींसारखी. कंडक्टरनं विचारलं, "भांडण झालं का रं?" मी नाही म्हणालो. गाडी हलली तरी ती वळली नाही.

पुढं मी नोकरीला कोकणात गेलो. समुद्र पाहिला. पहिल्या दिवशी ओंजळीत घेऊन चाखलाही, आणि किनाऱ्यावर एकटाच हसलो, कारण म्हातारीचं वाक्य आठवलं. हे सांगायला गुरुजी हवे होते. तेव्हा ते नव्हते. ते गेल्याची तार आली ती तारेसारखीच, एका ओळीत. "आधी बस, पाणी पी," असं म्हणणारं माणूस त्या तारेत नव्हतं. ते सात भाग गावात हातोहात फिरले, कुणाकडे कुठला राहिला ते आता कुणालाच माहीत नाही. मी नवा संच घेतलाय. वाचतो. पण त्याची सगळी पानं चौकोनी आहेत, आणि थोरली सून दरवेळी एकदम जाते.

बी.ए.चा निकाल लागला, तेव्हा मी त्यांना एक कार्ड टाकलं होतं. लिहिताना दोन कार्डं खराब केली होती, म्हणून ते मला अजून तोंडपाठ आहे.

ती. गुरुजींना सप्रेम जयभीम.

आधीच सांगतो. या कार्डात कुणी मरत नाही. मी पास झालो. दुसरा वर्ग मिळाला. आता तुम्ही बसा, पाणी प्या, मग पुढचं वाचा.

हे कार्ड मायला न पाठवता तुम्हाला पाठवतोय, त्याला कारण आहे. तुम्ही वाचून दाखवायला लागाल तेव्हा माय म्हणेल, आधी सांगू नका, नुसतं वाचा. या वेळी तिचं ऐकायचं नाही. चप्पल काढायच्या आत, दारातूनच ओरडून सांगायचं. लिंबाखालची तुमची एक बातमी राहून गेली होती, तिच्या बदल्यात ही घ्या.

तुमचं सांगून झालं की कार्ड तिच्या हातात द्या. तिला वाचता येत नाही. पण ती चारही कोपरे चाचपून बघेल, तेवढा वेळ तुम्ही तिथं थांबा.